मागच्या चाकाला बांधलेली टाकी

फटफटीची पेट्रोलची टाकी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला करकचून बांधून झाली. नासीरचाचाने हात पुसले आणि पुन्हा एकदा विचारलं, "सोच ले, ईश्वर. इतक्या जुन्या टाकीत पत्रा नावाला असतो. आतलं कोटिंगच सगळं धरून बसलेलं असतं. ते निघाल्यावर काय उरेल, अल्ला जाणे."

"नवीन कोटिंग ओतणारच आहोत ना, चाचा."

"ते कशाला चिकटेल? हवेला?"

ईश्वरचं लक्ष चाकाकडे होतं. रात्रभर थिनर पिऊन टाकीतलं जुनं अस्तर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सुटत आलं होतं. आत मूठभर नटबोल्ट टाकले होते. चाक फिरेल, नटबोल्ट खरवडतील, धुळ्याहून सोनगीर येईपर्यंत टाकी आतून लख्ख. मग नवं अस्तर, मग गाडी चालू. फटफटी वडिलांची होती. अशी टाकी आता कुठे मिळत नाही. कोणी मागतही नाही, तो भाग वेगळा.

"सोनगीरलाच चाललास, तर शीतलला माहेराहून घेऊनच ये की," चाचा म्हणाला. "येताना दोघं एस.टी.त बसा."

"तिने गाडी म्हटलंय, चाचा. 'गाडी दारात वाजेल त्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर येईन.' फोनवर. अगदी याच शब्दांत."

"होळीला म्हणाली होती."

"हो."

"दिवाळी होऊन गेली."

"म्हणून तर घाई करतोय," ईश्वर म्हणाला आणि मडगार्डवर चढून बसला.

ट्रॅक्टर हायवेला लागला आणि टाकीला कंठ फुटला. खान्देशात माणसं चांगली. एकही गाडीवाला गप्प पुढे गेला नाही. ट्रकवाल्यांनी सांगितलं, स्कूटीवरच्या बाईने सांगितलं. एक शववाहिनी तर खास वेग कमी करून बरोबरीने चालली. "दादा, चाकात काहीतरी अडकलंय!"

"अडकेल नही, बांधेल शे!" ड्रायव्हर करमसिंग प्रत्येकाला ओरडून सांगत होता. मागे ट्रॉलीत सरकीची पेंड होती. थोडं अंतर गेल्यावर त्याने विचारलं, "भाऊ, वहिनी गेली कशावरून?"

"मीच तिला माहेरी सोडायला निघालो होतो. गाडीवर. ती सकाळीच तयार होऊन बसली. मी फक्त कार्बोरेटर साफ करायला घेतला."

"मंग?"

"मग संध्याकाळी ती एस.टी.ने गेली. कचरा टाकीतून येत होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं."

करमसिंगने बराच वेळ विचार केला. "मंग चूक टाकीनी शे," तो म्हणाला.

ईश्वरला माणूस एकदम पटला. त्याच्या पँटवर तपकिरी शिंतोडे उडत होते, रस्त्यावर मागे थेंबांची रेघ पडत होती. झाकण सैल असेल, असं त्याने ठरवून टाकलं.

पेंडीच्या गोदामाचा रस्ता शीतलच्या माहेरावरूनच जात होता. काम किती पुढे गेलंय, ते तिला दाखवता येईल, एवढंच ईश्वरच्या मनात होतं. सोनगीरच्या गल्लीत ट्रॅक्टर शिरला तेव्हा भांडी ठोकणारे तांबटसुद्धा हातोडे थांबवून ऐकू लागले. फटफटी चालू असतानाही असाच आवाज करायची. अगदी असाच.

ट्रॅक्टर थांबायच्या आत दार उघडलं. शीतल ओट्यावर आली. केस घाईघाईने बांधलेले, पायात चपला. हातात पिशवी होती, चेन अर्धी उघडी, टॉवेलचं टोक बाहेर.

तिने पेंडीच्या पोत्यांकडे पाहिलं. मडगार्डवरच्या नवऱ्याकडे पाहिलं. मग चाकाकडे.

"बाकीनी गाडी?"

"धुळ्याला," ईश्वर खाली उतरत म्हणाला. "पण टाकी झाली बघ."

त्याने घाईने दोऱ्या सोडल्या, झाकण काढलं, टाकी उलटी केली. नटबोल्ट पडले, त्यांच्यामागून अस्तराची लांबच लांब सालं निघाली. थिनर मात्र थेंबभरही निघालं नाही. त्याने टाकी कौतुकाने तिच्यापुढे धरली. शीतलने पिशवी ओट्यावर ठेवली, टाकी दोन्ही हातांत घेतली आणि तोंडाला डोळा लावून उन्हाकडे वळली.

बराच वेळ ती बघत राहिली.

"दिसतंय ना लख्ख?"

"चांदणं शे आत," शीतल म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली. एवढं चांदणं पहिल्यांदाच दाखवताय तुम्ही."

तिने टाकी परत दिली. तिच्या डोळ्याला पाणी आलं होतं.

"थिनरने होतं तसं," ईश्वरने समजावलं आणि स्वतः डोळा लावला.

खरंच होतं. काळ्याभोर अंधारात सगळीकडे बारीक बारीक उजेडाचे ठिपके. काही ठळक, काही जेमतेम. तळाकडे तर दाटी झाली होती. यातले कुठले झाळून बुजवता येतील, कुठले नाही, ते तो एकेक करून पाहू लागला. ठळक होते त्यांच्या कडेने पत्रा हाताने मोडेल इतका पातळ होता. तरी एका कोपऱ्यात त्याला थोडी चांगली जागा सापडली.

ते सांगायला त्याने डोळा काढला, तेव्हा ओट्यावर पिशवी नव्हती. दार आपटल्याचा आवाज आला नव्हता. नीट, हळूच लावून घेतलेलं होतं.

करमसिंगने इंजिन बंद केलंच नव्हतं. "पेंड उतरवून येतो, भाऊ," तो म्हणाला. मग चाकाकडे बघत, "जाताना परत बांधनी शे ना?"

ईश्वर खाली बसला. धुळीतले नटबोल्ट गोळा केले, एकेक शर्टाला पुसला आणि टाकीत टाकला.

"बांधायची," तो म्हणाला. "अजून थोडा गंज राहिलाय."