मिलेवाची सिगारेट

"शेफिका, आमच्या घरात मेलेली बाई सिगारेट ओढते," हाजिरा दारातूनच म्हणाली.

शेफिकाच्या हातातला कॉफीचा कप बशीवर वाजला. तिनं आधी जिभेखालची पुदिन्याची गोळी गालात सरकवली, मग विचारलं, "कोण मेलेली?"

"तीच गं, आमच्याआधी त्या घरात राहायची ती ख्रिस्ती सर्ब बाई. मिलेवा की कोण. ओढायची ना ती?"

"ओढायची."

"मग झालं तर!" हाजिरा खुर्चीत बसली. "फेब्रुवारीपासून बघते, दुपारी नमाजाला उभी राहिले की परसातून वास येतो. आधी वाटलं, कुणी बाई चोरून ओढते. पण ओढणार कोण? आता मोहल्ल्यात सगळे आपलेच. पुरुषांचं सोड, त्यांची कॅफेत बसून धुराडी झालीत. पण आपल्यातलं बाईमाणूस सिगारेटला हात तरी लावतं का? नाही. मग भूतच की! इमामसाहेब आत्ता येतायत दुवा पढायला. उद्या गवंडी येईल, भिंतीतलं ते भोक बुजवायला. तू पण ये."

शेफिकाला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

हाजिरा वाईट नव्हती. लढाईत डोंगरापलीकडचं तिचं गाव जळालं, तेव्हा मिळालं ते घर तिनं घेतलं. तिच्या गावात बायका ओढत नसत, आणि तिच्यासोबत अर्धं गाव या मोहल्ल्यात आलं. त्यांच्या नजरेपुढे इथल्या जुन्या बायकांच्या बोटांतूनही हळूहळू सिगारेट सुटली. शेफिकाची सुटली नाही, फक्त लपली.

हाजिरा गेल्यावर ती आपल्या परसात आली. तिच्या आणि हाजिराच्या परसांमधल्या भिंतीत एक वीट नव्हती. त्या भोकातून ती आणि मिलेवा रोज दुपारी एकच सिगारेट दोघींत ओढत. भिंतीवर दोनदा टकटक झाली की कॉफीवरून उठायचं. लढाईच्या पहिल्या वसंतात एका दुपारी तशीच टकटक झाली होती. गल्लीत आपलीच माणसं सर्बांच्या घरांच्या याद्या घेऊन फिरत होती. शेफिका कॉफीचं भांडं हातात धरून स्वयंपाकघरात बसून राहिली. टकटक बराच वेळ चालली, मग थांबली. दुसऱ्या दिवशी मिलेवाचं घर रिकामं होतं. आपण घाबरलो, हे तिनं अठरा वर्षांत अल्लालासुद्धा सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत कळलं, मिलेवा तिकडे सर्बांच्या मुलखात, नोवी सादला वारली. सर्बांत थडग्यावर सिगारेट पेटवून ठेवतात. थडगं लांब होतं आणि शेफिकाचे गुडघे गेलेले. म्हणून ती रोज एक पेटवून भोकात ठेवायची आणि मागे न बघता घरात यायची. पेटवायला एक झुरका घ्यावाच लागतो, तेवढाच तिचा.

आजची शेवटची. तिनं पेटवली, भोकात ठेवली आणि वळली.

टक टक.

शेफिका पुन्हा भोकाकडे वळली.

"मिलेवा?"

पलीकडून बारीक खोकला आला. "आजी, मी झुम्रा. हाजिराची सून. विझली ही. काडी द्या ना."

शेफिकानं भिंतीला हात टेकला. "म्हणजे रोजची तूच ओढतेस, मेल्ये?"

"मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठीच ठेवता." पोरगी भोकाजवळ सरकली. "माहेरी, शहरात आमच्या इमारतीत सगळ्या धर्मांचे लोक. सगळ्या बायका गॅलरीत बसून ओढायच्या, कुणी ढुंकून बघायचं नाही. इथं जीव कोंडतो, आजी."

शेफिकानं काडीपेटी सरकवली. काडी पेटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हाजिराचं मागचं दार करकरलं.

"या इमामसाहेब, इथंच येतो वास..." हाजिराचा आवाज मध्येच तुटला. "झुम्रा? हातात काय आहे तुझ्या?"

पलीकडे काडीपेटी खाली पडल्याचा आवाज आला.

"कुणाची ही सिगारेट? कुणी दिली? नाही सांगत? चल, बॅग भर. आजच्याच बसनं माहेरी जायचं. या घरात परत पाऊल ठेवू नकोस!"

शेफिका कुणालाच दिसत नव्हती. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. कॉफीचं भांडं अजून गरम असेल. तिचे पाय आपणहून तिकडे वळले.

पलीकडून कुणीतरी बोटानं, अगदी हळू, भिंतीवर वाजवलं. दोनदा.

शेफिकानं बाही वर सारली आणि हात खांद्यापर्यंत भोकात घातला.

"हाजिरा!" ती ओरडली. "भूतबित काही नाही. सिगारेट माझी आहे. रोज मीच पेटवते, पोरीला मीच दिली. आण इकडे!"

गल्लीत एक खिडकी उघडली, मग दुसरी. विटेच्या धारेनं कोपर सोलवटलं. मिलेवाच्या परसात तळवा उघडा करून शेफिका उभी राहिली. हात तिनं मागे घेतला नाही.