एकुलती चिंच

कुंडीवरची धूळ पुसून कुंदाताईंनी मान वर केली, तर झाडावरची चिंच गायब!

लेकाच्या बरोबरीनं वाढवलेल्या त्या हातभर बोन्सायला यंदा पहिल्यांदाच फळ धरलं होतं, तेही एकच. त्याच्या भरवशावर तर त्यांनी प्रदर्शनात नाव दिलं होतं. परीक्षक शेजारच्या टेबलावर बोन्सायांसोबतच स्पर्धेत मांडलेले नदीतले देखणे दगड न्याहाळत होते.

"कुणी तोडली?" त्या ओरडल्याच.

मागे सून ऋजुता उभी होती, आंबटपणानं एक डोळा मिटलेला. "आई, माफ करा. सकाळपासून नुसती तीच दिसत होती. राहवलंच नाही."

"अगं, पण तुला तर आंबट अजिबात..." कुंदाताई बोलता बोलता थांबल्या. ऋजुता लाजून हसली.

त्यांनी तिला अशी घट्ट मिठी मारली, की मागचं हातानं घडवलेल्या कुंड्यांचं टेबल डगमगलं.

"बाई, नोंद फळासह आहे. फळ कुठाय?" परीक्षकांनी विचारलं.

"सुनेनं खाल्लं!" अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "आजी होणार मी!"

बक्षीस दुसऱ्याच कुणाला जाहीर झालं, तेव्हा त्या मंडईत चिंचा, बोरं, आवळे, दिसेल ते आंबट पिशवीत भरत होत्या.