पत्रिकेच्या पिशवीतला अहवाल

"मॅडम, मला बाळ होईल का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून दहावीतल्या ऋजुताने शाळेच्या जनुक-तपासणीत डॉक्टरांना बिनधास्त विचारलं. मागे खसखस पिकली.

डॉक्टरांनी रक्ताच्या थेंबाचा अहवाल पाहिला. "पीसीओएसची, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या विकाराची जनुकं जागी झालीयत गं. बाळ होईल, पण कदाचित फार वाट बघावी लागेल."

ऋजुताला शेजारच्या तान्ह्या ओवीच्या जावळाचा वास आठवला. असलंच एक आपलंही हवं, असं तिला ओवीला घेतलं की वाटायचं.

घरी आईने अहवाल तिच्या पत्रिकेच्या पिशवीत सरकवला. हल्ली लग्न जुळवताना दोन्ही मागत.

"पुढच्या तपासणीत सुधारला तरच दाखवू," बाबा पुटपुटले.

ऋजुताने तो बाहेर ओढला. "आई, बाबा, हा माझ्या दप्तरात राहणार. बाळाची वाट मला बघायचीय, स्थळांना नाही!"