फळीवरचा पेडव्या

"कुत्रा बुडायला लागला, तर उद्यापासून फळी बंद, आये!" भालचंद्राने काठावरून बजावलं.

"मेल्या, तुला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती तेव्हापासून मी या खाडीत वल्हं मारतेय," द्रौपदाबाई काठावरच्या होडकऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

पर्यटकांसाठी मुलाने आणलेल्या पॅडलबोर्डांतला एक, म्हणजेच ही फळी, कुत्र्याला सवय व्हावी म्हणून पंधरा दिवस त्यांच्या अंगणात होता. त्यांचा कुत्रा पेडव्या त्याच्यावरच जेवला, त्याच्यावरच झोपला. त्यांनी पायाने फळी हलवली, तरी जागचा उठला नाही. मग लाइफ जॅकेट घालून त्याचं उथळ पाण्यात पडणं आणि पुन्हा वर चढणं झालं. आज तेच खोल पाण्यात करून दाखवायचं होतं.

खाडीच्या मध्यावर द्रौपदाबाईंनी फळी मुद्दाम कलंडवली. दोघंही धपकन पाण्यात. पेडव्या पोहत आला, फळीवर पंजे रोवले, धडपडत चढला आणि ऐटीत बसला.

द्रौपदाबाईंनीही हात टाकले. एकदा, दोनदा, पाचदा. अंगातल्या लाइफ जॅकेटने त्या तरंगत होत्या, पण भिजलेलं लुगडं काही वर येऊ देईना. पेडव्या वरून त्यांचं नाक चाटत होता.

शेवटी भालचंद्र कपड्यांसकट पोहत आला आणि हसत हसत त्याने आईला वर ढकललं.

"कुत्रा पास झाला. आता तुझं काय करू?"

पेडव्याला कवटाळून द्रौपदाबाई धापा टाकत हसल्या. "उद्या सहाला ये, मला चढायला शिकव. उशीर केलास, तर याच्याकडे शिकवणी लावीन."