लोंबता दोरा

विशीत मला भगंदर झालं, तेव्हा बाबांनी त्याला अपेंडिक्स म्हणायचं ठरवलं. भेटायला आलेली आत्या म्हणालीच, "अपेंडिक्सवाली एका कुल्ल्यावर का बसते?" ऑपरेशननंतर मी गुंगीत असताना डॉक्टरांनी बाबांना समजावलं होतं, जखमेतून दोरा ओवून ठेवलाय, पू त्याच्यावाटे निघेल, दोऱ्याला हात लावू नका. बाबांनी मान डोलावली. घरी ब्रही काढला नाही. ड्रेसिंग आई करायची. ती शिवणकाम करते. लोंबता दोरा दिसला, की तिचा हात कात्रीकडे जातो. तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "दोरा कुठंय?" आई ऐटीत म्हणाली, "तुमच्याकडून कापायचा राहिला होता. मीच कापला, हिला कळलंही नाही." "आता पुन्हा ऑपरेशन," डॉक्टर बाबांकडे बघत म्हणाले. आईचा आवाज चढला, "मला सांगता येत नव्हतं?" बाबांनी दार लोटलं. "हळू बोल," ते म्हणाले, "बाहेर लोक बसलेत."