पाच पाऊण पावणेचार

बेटावरची रेल्वे रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा सुटते, म्हणून चौकशीला साहेब आले.

"होड्या भरतीला लागतात, साहेब. भरती रोज पाऊण तास पुढं जाते," ड्रायव्हर हिराजी तांडेल म्हणाला. "म्हावरं चढल्याबिगर गाडी नेऊन करू काय?"

"उद्या नऊ म्हणजे नऊ."

दुसऱ्या दिवशी गाडी नऊला सुटली. कोळणींचा डबा रिकामा होता. पलीकडच्या धक्क्यावर साहेब एकटेच उतरले आणि गाडी वेळेवर आल्याची नोंद त्यांनी वहीत केली. समोर नुसता चिखल होता. त्यांची परतीची लाँच दूर पाण्यात थांबली होती.

"ही कधी लागेल?"

तांडेलनं बोटांवर मोजलं. "आज पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पाच पाऊण पावणेचार. आमच्या गाडीच्याच वेळेला येईल, साहेब."