उजेड पिणारा रंग

"छतसुद्धा काळं?" मी विचारलं.

नवरा स्टुलावर उभा राहून होम थिएटरच्या खोलीत नमुन्याचा रंग लावून बघत होता. "अगं, पडद्याचा उजेड भिंतींवर, छतावर आपटून परत फिरला की चित्र फिकं पडतं. हा मॅट काळा रंग उजेड पिऊन टाकतो. हवं तर टॉर्च मारून बघ."

मी मोबाइलचा टॉर्च मारला. क्रीम भिंत चमकली. ताटलीएवढा तो गोल काळा ठिपका तसाच राहिला. आमची चार वर्षांची लेक अजून दिवा लावूनच झोपते. या खोलीत ती पाऊल तरी टाकेल का?

"त्यापेक्षा राखाडी घेऊ," मी म्हटलं. "सिनेमा तुझा आणि तिचं रडणं माझ्या वाट्याला, असं नको."

"बरं बाई, राखाडी." तो हिरमुसून खाली उतरला.

तेवढ्यात लेक दारात आली आणि ठिपक्याकडे बघत राहिली. मी तिला उचलायला पुढे झाले, तर तिने स्वतःच्या कानामागे बोट लावलं. शाळेत निघताना मी तिथे रोज काजळाची तीट लावते; कुणी हसलं तरी लावते.

"आई, खोलीला तीट लावली?"

"हो," माझ्या तोंडून निघून गेलं.

"पण खोली केवढी मोठी आहे! एवढीशी कशी पुरेल?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी टॉर्च बंद केला.

"चढ पुन्हा स्टुलावर," मी म्हटलं. "छतापासून सुरुवात कर."